नदी येते आणि तलाव होते: कोयना खोऱ्यातल्या एका जुन्या शीटचं प्रकरण

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गंजलेल्या पान्यांच्या ढिगाखाली मला एक घडी घातलेला नकाशा सापडला. मागे कापड चिकटवलेलं, घड्यांच्या रेषेवर कागद फाटलेला, कोपऱ्यात कुठल्याशा कचेरीचा अर्धवट खरवडलेला शिक्का. उघडला तर सर्व्हे ऑफ इंडियाचं एक इंचाला एक मैल प्रमाणाचं शीट: ४७ जी/१०. भाव फारसा न करता घेतलं, कारण खाली उजवीकडे कोयना दिसत होती. कोयना म्हणजे नदी. तलाव नव्हे.

ज्यांनी टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा असा नकाशा, कधी हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी आकड्यांचा उलगडा करतो. ४७ म्हणजे १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांमधला चार अंशांचा चौकोन. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. वरून खाली मोजत जायचं आणि मग पुढचा रकाना. जी म्हणजे १७ ते १८ आणि ७३ ते ७४. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा. दहावा तुकडा १७°३०' ते १७°४५' आणि ७३°३०' ते ७३°४५'. वासोटा किल्ला त्यात येतो. बामणोली गाव मात्र शेजारच्या १४ नंबरात जाते. हा सांधा लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण त्याच्यावरच येऊन अडलं.

शीटचं वय काढणं ही वेगळी गंमत असते. समासात मोजणीचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं दिलेलं असतं, आणि दोहोंत कधी कधी एक पिढी निघून गेलेली असते. आमच्या शीटचा हा कोपराच गेला होता. पण वरच्या बाजूला जिल्ह्याचं नाव नुसतं 'सातारा' होतं. १९४९ ते १९६० या काळात जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग होते. दक्षिण साताऱ्याचं पुढे सांगली झालं. त्या दिशांचा मागमूस नाही आणि अंतरं मैलांत, उंची फुटांत. म्हणजे छपाई १९४९ च्या आधीची, आणि मोजणी त्याहून मागची.

हे शीट घरात भिंतीवर लागलं असतं आणि तिथेच राहिलं असतं. पण त्याचा फोटो एका ओळखीच्या माणसाकडून फिरत फिरत रायगड जिल्ह्यातल्या एका तरुणाकडे गेला आणि त्याचा मला फोन आला. "काका, त्यात आमचं गाव आहे. पाण्याखालचं."

गावाचं आणि घरच्यांचं नाव मी इथे देत नाही, तसं ठरलं आहे. कुटुंब कोयना धरणग्रस्त. धरणाचं काम १९५४ साली सुरू झालं, १९६१-६२ च्या सुमारास पाणी अडवायला लागले आणि महाबळेश्वरकडून दक्षिणेला हेळवाकपर्यंत येणारं नदीचं सरळ खोरं भरत गेलं. पाण्याला शिवसागर नाव मिळालं. माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पांगली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे कोयनेची गावं उठल्यावर दीड दशकानं. त्यामुळे या लोकांच्या कागदांची जी परवड झाली ती अजून संपलेली नाही.

त्या तरुणाला, म्हणजे कुटुंबातल्या नातवाला, दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्यानं त्या एकाच दमात सांगितल्या. एक, मूळ गाव दाखवणारा पुरावा. दोन, घर नेमकं कुठं होतं ते. पहिल्या मागणीवर मी त्याला लगेच नाही म्हटलं. टोपोशीट हा जमिनीचा पुरावा नसतो. त्यावर डोंगर, पाणी, वाटा आणि वस्तीचे लाल ठिपके असतात. शेताच्या हद्दी, सर्व्हे नंबर, कुणाचं काय, यातलं काही नसतं. ते काम मुंबई इलाख्यात महसूल मोजणीनं वेगळं केलं, आणि त्याचे कागद भूमी अभिलेख कचेरीत मिळतात: गाव नकाशा, आकारबंद, टिपण. एक इंची नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे त्रेसष्ट मीटर. तेवढ्यात चार भावांच्या वाटण्या बसतात. लोक टोपोशीटची रंगीत प्रत फाइलला जोडतात आणि साहेब प्रभावित होईल असं धरून चालतात. माझ्या पाहण्यात तरी त्यानं कुणाचं अडलेलं काम पुढे सरकलेलं नाही.

दुसरी मागणी मात्र नकाशाच्या कुवतीतली होती. निदान मला तसं वाटलं.

पण तो माझ्याकडे येण्याआधी एक फेरी करून आला होता आणि हात हलवत परतला होता. मोबाईलवरच्या फोटोवरून त्यानं गावाच्या नावापाशी बोट ठेवलं, कडेच्या मिनिटांच्या खुणांवरून अक्षांश-रेखांश काढले, ते जीपीएसमध्ये घातले आणि मे महिन्यात उघड्या पडलेल्या गाळात जाऊन उभा राहिला. तिथं काही नव्हतं. तडे गेलेला गाळ आणि दूर बगळे.

या एका फेरीत चार चुका होत्या. चारही इतक्या सर्रास होतात की त्या सावकाश सांगायला हव्यात.

नाव जिथं छापलेलं असतं तिथं गाव नसतं. अक्षरांना जागा लागते, आणि दाट समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांच्या) डोंगराळ शीटवर ती सापडेल तिथं घेतलेली असते. गाव म्हणजे बाजूचे बारीक लाल चौकोन. या शीटवर नाव आणि ठिपके यांत नऊ मिलिमीटरचं अंतर होतं, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त.

दुसरं, फोटो तिरका होता. हे कुणालाही कळतं, म्हणून सोडून देतो.

तिसरं, कागद. या अक्षांशावर पंधरा मिनिटांच्या शीटची उभी चौकट साधारण ४३.७ सेंटिमीटर भरायला हवी. आमच्या शीटची पट्टीनं मोजली तर तीन मिलिमीटर कमी. सात-आठ दशकांचे पावसाळे, कापडाची खळ, घड्या. तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १९० मीटर. शिवाय कागद आडवा आणि उभा सारखा आक्रसत नाही, आणि फाटलेल्या घडीपाशी तर तो स्वतःच्या मर्जीनं वागतो. म्हणून चार कोपरे जुळवून भागत नाही. आत जिथं जिथं पाच मिनिटांच्या रेषा एकमेकींना छेदतात ते सगळे बिंदू धरावे लागतात. (जाता जाता: असं शीट मिळालं तर कृपा करून लॅमिनेट करू नका. एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद परत बाहेर येत नाही. स्कॅन करा आणि सपाट ठेवा.)

चौथी चूक डोळ्यांना दिसत नाही. जुनी भारतीय शीट एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली आहेत. जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० साली भारतातल्या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार आणि आकारमान ठरवलं, त्यावर. आणि गणिताचा आरंभबिंदू मध्य भारतातलं कल्याणपूर. मोबाईलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या आकारावर चालतं. अंश-मिनिटं तीच, पण बिंदू वेगळा. आपल्या भागात हा फरक शंभर ते दीडशे मीटरचा पडतो. शहरात दीडशे मीटर म्हणजे पुढची गल्ली. गाळात, जिथं शोधायची वस्तू म्हणजे चार दगडांची ओळ, तिथं दीडशे मीटर म्हणजे काहीच न सापडणं.

ही सगळी दुरुस्ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला दोन संध्याकाळी लागल्या. जुळणी बरोबर झाली का हे तपासायला नदीची वळणं वापरता येत नव्हती, ती पाण्याखाली. म्हणून न बुडणारी ठिकाणं घेतली: वासोट्याचा माथा, बाबूकड्याची कड, घाटमाथ्यावरची, नकाशावर त्रिकोणानं दाखवलेली मोजणीची स्थानकं. ती आजच्या उपग्रह चित्रावर पंचवीस-तीस मीटरच्या आत बसली. एक इंची नकाशाकडून याहून जास्त मागणं अन्याय आहे. पेन्सिलचं टोकच तीस मीटर रुंद असतं.

आता पाणी. कोयना धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी २,१६३ फूट ६ इंच, म्हणजे ६५९.४३ मीटर. जुन्या शीटवर २,१०० आणि २,२०० फुटांच्या रेषा सापडल्या की त्यांच्यामधून, वरच्या रेषेच्या थोडी खालून, एक निळी पेन्सिल फिरवायची. मी ती फिरवली आणि हात मध्येच थांबला. शीटवर लागवडीखालची जमीन पिवळ्या रंगात असते. नदीच्या दोन्ही काठांनी जाणारा पिवळा पट्टा, म्हणजे भाताची खाचरं, जवळजवळ सगळा त्या निळ्या रेषेच्या आत होता. रेषेच्या बाहेर राहिलं ते हिरवं रान आणि उभे चढ, जिथं नाचणी-वरी करायची. 'गावं बुडाली' हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा अर्थच जातो. पेन्सिलीनं तो दाखवला: अन्न पिकणारा रंग होता तेवढा पाण्यात आणि बाकीचा बाहेर.

गावाचे लाल ठिपके २,१०० च्या रेषेच्या किंचित वर होते. म्हणजे तलाव काठोकाठ असताना डोक्यावर पन्नासेक फूट पाणी. पंचवीस इकडे, पंचवीस तिकडे, कारण दोन रेषांच्या मधली उंची हा अंदाजच. खोऱ्याचा हा वरचा भाग उथळ असल्यामुळे मे अखेरीस इथलं पाणी पार खाली उतरतं. गाव दर उन्हाळ्यात उघडं पडत असणार.

जायच्या आधी नातवाच्या आजींना भेटलो. पंच्याऐंशीच्या पुढच्या, नवऱ्याच्या माघारी नातवाकडे राहणाऱ्या. मी शीट चटईवर पसरलं. त्यांनी नकाशाकडे एकदा बघितलं आणि बाजूला सारलं. तोंडानं सांगायला लागल्या. "घरातनं निघालं की देवाची राई उजव्या हाताला. मग वढा. पाण्याचा. मग आणिक एक वढा, त्यो कोरडा. मग नदी."

मी शीट परत ओढलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या या नकाशांवर बारमाही पाणी निळ्या रंगात असतं आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेनं. लाल ठिपक्यांपासून नदीकडे जाणारी तुटक लाल पायवाट आधी एका निळ्या रेषेला ओलांडत होती आणि पुढे एका काळ्या. कधीकाळी मोजणीचं टेबल घेऊन तिथून गेलेल्या सर्व्हेअरला आणि या बाईंना एकच गोष्ट महत्त्वाची वाटली होती: हा ओढा प्यायचा की नुसता ओलांडायचा. राईची खूण नकाशावर नव्हती, पण ओढ्याशेजारी हिरव्या रंगाचा एक लहानसा सुटा ठिपका होता. मी त्यावर प्रश्नचिन्ह काढलं.

मे महिन्यात नातू आणि मी गेलो. हा काठ कोयना अभयारण्यात, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तेव्हा परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन. (वासोट्याच्या पायथ्याशी मेट इंदवली नावाचं उठलेलं गाव आहे. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यातली चौकी. गाव गेलं, गडाचं काम करणारी माणसं गेली, आणि वनखात्याच्या चौकीमुळे नावाचा अर्थ पुन्हा खरा झाला.) दुरुस्त केलेल्या बिंदूवर पोचलो तर तिथं सुरुवातीला तेच: गाळ. मग वाटाड्यानं चाळीस-पन्नास पावलांवर एक ओळ दाखवली. घडवलेले नव्हेत, पण रचलेले दगड. काटकोनात वळलेले. एक जोतं, त्याला लागून दुसरं. दुसऱ्यात एका सपाट दगडात उखळाचा खळगा, त्यात गाळ भरून वरून वाळलेला. नातवानं बोटांनी तो कोरून काढला आणि आत काही आहे का बघितलं. काही नव्हतं. तो बराच वेळ तिथं उकिडवा बसून राहिला. मी खाचरांचे बांध मोजत लांब गेलो.

इथं प्रकरण मिटायला हवं होतं. फोटो बघून आजींनी उखळ ओळखलं. निदान "असंच व्हतं" म्हणाल्या, ते मी ओळखण्यात धरतो. आणि मग त्यांनी विचारलं, "आन् माझं?"

आम्हाला दोघांना कळलंच नाही. नातू म्हणाला, "आजी, हेच की तुझं घर."

"हे तुमच्या आज्याचं. माझं म्हायेर नदीपल्याड."

मला लाज वाटली. तीन महिने मी या बाईंच्या सासरचा पत्ता शोधत होतो आणि त्या निमूटपणे माहिती पुरवत होत्या. त्यांनी सांगितलेली वाट घरातून नदीकडे का जात होती, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं. ती माहेरची वाट होती.

पुढची वाट त्यांनी सांगितली: नदी उतरून पलीकडे, काठाकाठानं, मग एका वाडीत. वाडीला नाव होतं, पण ते आजूबाजूच्या तीन वाड्यांनाही होतं. मी पेन्सिल फिरवत गेलो. नदी ओलांडली, काठ धरला, आणि पेन्सिल चौकटीच्या बाहेर पडली. ७३°४५'. शीट संपलं.

शेजारचं ४७ जी/१४ माझ्याकडे नव्हतं. आता बरंच सोपं झालंय. २०१७ साली सर्व्हे ऑफ इंडियानं 'नक्शे' या संकेतस्थळावर खुल्या मालिकेची शीट मोफत ठेवली आणि २०२१ च्या धोरणानं आणखी दारं उघडली. त्याआधी अनेक वर्षं किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातली शीट सामान्य माणसाला मिळत नसत, आणि कोकणकड्याचा सगळा सह्याद्री त्या पट्ट्यात बसतो. एक आख्खी गिर्यारोहकांची पिढी झेरॉक्सच्या झेरॉक्सवर डोंगर चढली आहे. पण मोफत मिळतात ती नवी. मला धरणाआधीचं हवं होतं आणि जे मिळालं ते एका मित्राकडचं, १:५०,००० चं, मीटरमधलं, धरणानंतरचं.

दोन्ही छापून, एका प्रमाणात आणून, ७३°४५' च्या रेषेवर एकमेकांना चिकटवली. डावीकडे नदी, तिचे वाळूचे पट्टे, ठिपके, वाटा. उजवीकडे सपाट निळा रंग. पायवाट मध्येच तुटते, पिवळा पट्टा मध्येच तुटतो. नदी वाहत वाहत रेषेपाशी येते आणि तलाव होते. मीटरच्या शीटवर दर वीस मीटरला समोच्च रेषा असते आणि तलावाची कड ६६० च्या रेषेला जवळजवळ चिकटलेली. त्याखालचं सगळं गेलेलं. माहेर त्या निळ्यात कुठेतरी.

अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात काढलेली भारताची अडीच लाखांची मालिका इंटरनेटवर मिळते, भटक्यांना ती पाठ असते. तिथं एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर. खोऱ्याचा अंदाज घ्यायला ठीक, वाडीला निरुपयोगी. उन्हाळ्यातली उपग्रह चित्रं बघितली. सेंटिनेल उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका दहा मीटरचा, त्यात जुन्या बांधांच्या रेघा दिसल्यासारख्या वाटतात आणि झूम केलं की विरतात. माहेर सासरच्या बरंच खाली, नदीच्या पात्राजवळ असावं. तिथलं पाणी मे महिन्यातही पुरतं हटत नव्हतं.

आजींना पुन्हा भेटलो. या वेळी नकाशा नेलाच नाही. विचारलं, दारात उभं राहिलं की समोर काय दिसायचं?

उत्तर इतक्या झटकन आलं की मी वही उघडेपर्यंत निम्मं होऊन गेलं. दार मावळतीला. समोर नदी, पलीकडे डोंगराची एक सोंड, आणि तिच्या टोकावर टेकून ठेवल्यासारखा वासोटा. "टोकावर म्हंजी टोकावर. आईच्या घरी दिसायचा, चुलतीच्या दारातनं न्हाई दिसायचा." आणि दिवाळीत सूर्य एका खिंडीत बुडायचा. "खिंडीत गेला की आई दिवा लावायची."

मोजणीच्या भाषेत याला रिसेक्शन म्हणतात. फलकयंत्र, म्हणजे ते मोजणीचं टेबल, घेऊन निघालेला सर्व्हेअर आपण स्वतः कुठं उभे आहोत हे असंच काढायचा: ओळखीची शिखरं निरखायची, प्रत्येकाकडून आपल्याकडे उलटी रेषा ओढायची, रेषा छेदतात तिथं आपण. हे शीट जेव्हा पहिल्यांदा काढलं तेव्हा याच रीतीनं काढलं होतं. शिखरं बुडालेली नव्हती, आणि ती माझ्याकडच्या ४७ जी/१० वरच होती. फक्त रेषा कागदाबाहेर जाणार होत्या.

वासोट्याच्या माथ्यापासून सोंडेच्या टोकाला स्पर्श करून एक रेषा पूर्वेकडे, ट्रेसिंग कागदावर. दुसरी खिंडीतून: दिवाळीच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला पंधराएक अंशांवर मावळतो, पण तिथी पुढेमागे होते, शिवाय खिंड उंचावर असल्यानं सूर्य तिच्याआड लवकर जातो, म्हणून ही रेषा नव्हे, एक पाचर झाली. आणि खरी अडचण पुढे होती. दोन्ही खुणा पश्चिमेला, एकमेकींपासून फार लांब नाहीत. रेषा अगदी लहान कोनात छेदत होत्या. अशा वेळी छेदबिंदू बिंदू राहत नाही, लांबट वांगं होतं. माझं वांगं साडेसहाशे मीटर लांब भरलं. तिसरी रेषा हवी होती, शक्यतो उत्तरेकडची किंवा दक्षिणेकडची. विचारलं तर आजी म्हणाल्या, दोन्हीकडं झाडं.

चुलतीच्या दारातून वासोटा दिसत नसे, हे त्यांचं वाक्य मी टिपून घेतलं होतं, पण त्याचा उपयोग मला सुचला नाही.

दिवाळीनंतर तलाव भरलेला असताना बामणोलीहून होडी ठरवली. आजींना खुर्चीसकट उचलून होडीत बसवलं. नातू फोनवर माझं वांगं उघडून बसला होता, निळ्या ठिपक्यानं त्यात शिरण्याची वाट बघत. ठिपका आत आला तसं त्यानं होडीवाल्याला खूण केली. मशीन बंद. पाणी अगदी गप्प झालं. मी आजींकडे बघितलं.

त्या फोनकडे बघत नव्हत्या, पाण्याकडेही नाही. डोळ्यांवर हात धरून मावळतीकडे बघत होत्या. सोंडेच्या मागून वासोट्याचा माथा चांगला निम्मा बाहेर दिसत होता.

"अजून घे म्होरं," त्या होडीवाल्याला म्हणाल्या. त्यानं मशीन चालू न करता वल्ह्यानं होडी सरकवली. माथा हळूहळू सोंडेआड जायला लागला. "अजून." पाव राहिला. "जरा." आता तो टोकावर बसला होता, बोटाच्या पेराएवढा. आणखी चार हात पुढे गेलो असतो तर नाहीसा झाला असता.

"हां. आता चुलतीच्या दारात नको नेऊस."

मी रीडिंग घेतलं. जागा माझ्या वांग्याच्या बाहेर होती, दक्षिणेला एकशे ऐंशी मीटर. आजींनी ओच्यातून कुंकवाची पुडी काढली, आणि तेवढ्या वेळात मी ट्रेसिंगवरची जुनी खूण खोडून नवी केली.